आखेनला शिकायला येणाऱ्यांसाठी: उतरल्यानंतरचं पहिलं वर्ष

पाऊसवाट

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरमध्ये विंटर सेमिस्टर सुरू होईल आणि जर्मनीत, आखेनला येणाऱ्या मुलामुलींचे मेसेज मला आतापासूनच यायला लागलेत. प्रत्येकाला तेच ते पुन्हा सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हा धागा काढतेय. मी इथल्या आरडब्ल्यूटीएच या तांत्रिक विद्यापीठात मास्टर्स करतेय, येऊन दीड वर्ष झालं. प्रवेश, एपीएस (आपल्या पदव्यांची पडताळणी), व्हिसा यांवर लिहिलेलं भरपूर सापडतं. मला विमानातून उतरल्यानंतरच्या दिवसांबद्दल लिहायचंय. माझी खरी तारांबळ तिथेच उडाली.

सगळ्यात आधी पत्ता. इथली सगळी कामं एकाच्या शेपटीला दुसरं अशी बांधलेली आहेत. राहायला गेलात की दोन आठवड्यांच्या आत सरकारी कार्यालयात पत्त्याची नोंदणी करायची, तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा एक कागद लागतो, नुसता भाडेकरार चालत नाही. ही नोंदणी झाली की टॅक्स नंबर टपालाने येतो, आणि पुढे रेसिडेन्स परमिटच्या फाइलमध्येही तोच नोंदणीचा कागद लागतो. माझ्या बँकेनेसुद्धा तोच मागितला. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ यूरो भरूनच आपण आलेलो असतो, पण ते महिन्याला ९९२ असे सुटतात आणि तेही इथलं बँक खातं चालू झाल्यावर. पैसा आपलाच, पण हात लावता येत नाही. माझ्या हातात पहिला हप्ता पडायला पाच आठवडे लागले. तेवढ्या दिवसांच्या खर्चाची सोय वेगळी करून या. घरच्यांना हे आधी समजावून सांगा, नाहीतर ते तिकडे काळजीत आणि तुम्ही इकडे.

आता टपालपेटीबद्दल. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

इथे इमारतीत फ्लॅटला सहसा नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघतो आणि पाकीट टाकतो. नाव नसेल तर पाकीट परत. आमच्या पेटीवर माझ्या दोन फ्लॅटमेट्सची नावं होती, माझं नव्हतं. बँकेचं कार्ड एका पाकिटातून येतं आणि पिन दुसऱ्या पाकिटातून, काही दिवसांच्या अंतराने. दोन्ही परत गेली. मी रोज सकाळी खाली जाऊन पेटी उघडायची, जाहिरातींचे कागद काढायची आणि टपाल उशिरा येत असेल असं स्वतःला समजावत वर यायची. दोन आठवडे हेच चाललं. शेवटी माझी कोलंबियाची फ्लॅटमेट जिन्यात भेटली. माझा चेहरा बघून तिने विचारलं, काय झालं? मी सांगितल्यावर तिचा पहिला प्रश्न, पेटीवर नाव लावलंस का? लगेच वर जाऊन तिने कात्री आणि चिकटपट्टी आणली. अंगठ्याएवढ्या रुंदीची कागदाची पट्टी कापली, माझं आडनाव मोठ्या ठळक अक्षरांत लिहिलं, वरून पारदर्शक पट्टी लावली आणि चारही कोपरे नखाने दाबून बसवले. पावसाची झड पेटीपर्यंत येते म्हणाली. बँकेला फोन करून पाकिटं पुन्हा मागवली, ती आठवड्याभरात आली.

दोन मिनिटांचं काम होतं. मी दोन आठवडे कुणाला विचारलं नाही, हे मला अजूनही लागतं. म्हणून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते, अडलं की त्याच दिवशी विचारा. आपल्याला वाटतं, समोरचा म्हणेल हिला एवढंही कळत नाही. तसं कुणी म्हणत नाही. इथे जो तो कधीतरी याच पेटीपुढे उभा राहिलेला असतो.

खोलीचं सांगते. शहर लहान, विद्यार्थी फार. स्टुडिरेन्डनवेर्क, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी बघणारी संस्था, तिच्या वसतिगृहांची रांग लांब असते, म्हणून प्रवेशाचं पत्र आलं की त्याच दिवशी अर्ज टाका. नाहीतर मग वेगे, म्हणजे तीन-चार जणांनी मिळून घेतलेला फ्लॅट. तिथे आधीपासून राहणारी मंडळी तुमच्याशी बोलून ठरवतात. तुम्ही पहाटे उठता का, भांडी लगेच घासता का, पाहुणे किती येतात, असे प्रश्न असतात. खरं तेच सांगा. जाहिरातीत भाडं बघताना काल्ट आणि वार्म हे दोन शब्द ओळखा. काल्ट म्हणजे नुसत्या जागेचं भाडं, वार्म म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे धरून. वीज आणि इंटरनेट कधी त्यात असतं, कधी नसतं, तेवढं विचारून घ्या. डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या काल्ट भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे. माझ्या मालकिणीला हे मी नम्रपणे म्हटलं तर तिने लगेच मान्य केलं.

बाकी आठवेल तसं लिहिते. तुम्हीही भर घाला.

अर्धीभाकरी

फार चांगला धागा. खोलीच्या फसवणुकीबद्दल मी लिहितो, कारण माझे ८०० यूरो त्यात गेले.

मी निघायच्या आधी एका जाहिरातीवरून संपर्क केला. समोरचा माणूस फार गोड बोलायचा. मी सध्या दुसऱ्या देशात नोकरीला आहे, फ्लॅट दाखवायला येऊ शकत नाही, तुम्ही डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल. त्याने करारही पाठवला, ओळखपत्राचा फोटोही. पैसे गेले आणि माणूस गायब. नंतर तेच फोटो मला दुसऱ्या एका शहरातल्या जाहिरातीत दिसले. तोच खिडकीतला हिरवा पडदा.

फ्लॅट प्रत्यक्ष किंवा निदान व्हिडिओ कॉलवर बघितल्याशिवाय पैसे पाठवू नका. व्हिडिओवर त्या माणसाला खिडकी उघडून बाहेरचा रस्ता दाखवायला सांगा, नळ सोडायला सांगा. जो कारणं देतो त्याला सोडून द्या. पहिला महिना हॉस्टेल किंवा तात्पुरती खोली परवडते, ८०० यूरो जाणं परवडत नाही. तात्पुरत्या जागेत पत्त्याची नोंदणी करू देतात का, हे मात्र आधी विचारा. पुष्कळ ठिकाणी करू देत नाहीत.

मी पोलिसांत तक्रार ऑनलाइन केली. पैसे परत आले नाहीत. तरी तक्रार केली याचं बरं वाटतं.

एका_मुलीची_आई

नमस्कार. माझी मुलगी सप्टेंबरअखेर आखेनला निघतेय. तिने मला हा धागा पाठवला आणि म्हणाली, आई, तुझे प्रश्न इथेच विचार. मला कागदपत्रांची फारशी काळजी नाही, ती हुशार आहे. मला विचारायचंय ते असं, की आजारी पडली तर काय करायचं? तिथे डॉक्टर लगेच बघत नाहीत असं ऐकलं. आणि थंडीत काळोख फार लवकर होतो म्हणतात, ते मुलांना कसं जातं? ती फोनवर नेहमी मी मजेत आहे असंच म्हणते. वसतिगृहात होती तेव्हाही असंच म्हणायची.

पाऊसवाट

ताई, प्रश्न अगदी योग्य आहेत.

विद्यापीठात नाव घालायलाच आरोग्य विमा लागतो. तिशीच्या आतल्यांना विद्यार्थी दराचा सरकारी विमा मिळतो, महिन्याला दीडशे यूरोच्या आसपास. डॉक्टरकडे गेल्यावर फक्त कार्ड दाखवायचं, तिथे पैसे द्यावे लागत नाहीत. फॅमिली डॉक्टरसारखा हाउसआर्त्स्ट असतो, तो तब्येत ठणठणीत असतानाच शोधून ठेवायचा. ताप आल्यावर शोधायला गेलं की नवीन पेशंट घेत नाही असं ऐकायला मिळतं. रात्री-अपरात्री किंवा सुट्टीच्या दिवशी दवाखाने बंद असले तर ११६११७ या नंबरवर फोन करायचा. जिवावरचं असेल तर ११२. हे दोन नंबर तिच्या फोनमध्ये आजच घालून द्या.

साध्या सर्दी-तापाला इथले डॉक्टर गरम काहीतरी प्या आणि झोपा म्हणतात, अँटिबायोटिक सहज देत नाहीत. पहिल्यांदा वाटतं की आपल्याकडे लक्षच दिलं नाही. तसं नसतं, इथली पद्धत ती आहे.

काळोखाचं उत्तर मी देण्यापेक्षा उंबरठा यांनी द्यावं, त्यांनी दोन हिवाळे जास्त काढलेत.

उंबरठा

पाऊसवाट, आठवण काढलीस, लिहितो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि त्या सोमवारी संध्याकाळ एकदम अंगावर येते. डिसेंबरात सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या आसपास मावळतो. मधले आठ तासही बहुतेक ढगातच. आखेनला बर्फ कमी, पाऊस जास्त. बारीक, तिरका, छत्रीला न जुमानणारा पाऊस. छत्रीपेक्षा चांगलं जाकीट घ्या आणि ते इथेच घ्या.

पण ताई, खरं सांगायचं तर मला काळोखाचा त्रास झाला तो परीक्षेमुळे. इथे वर्गाला नाव घातलं म्हणजे परीक्षेला घातलं असं होत नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी, तिची मुदत वेगळी, आणि नाव मागे घ्यायचीही मुदत असते. गुण उलटे: १.० सर्वोत्तम, ४.० पर्यंत पास, ५.० नापास. एका विषयाला तीन संधी. सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदाही नापास झालात तर तो अभ्यासक्रमच सुटतो, आणि त्यावर व्हिसा टांगलेला.

पहिल्या हिवाळ्यात मी एका विषयात नापास झालो, उन्हाळ्यात परत त्याच विषयात. आयुष्यात त्याआधी कधी नापास झालो नव्हतो. घरी सांगितलं नाही. मित्रांनाही नाही. मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये, जेवायला जाणं बंद केलं, कारण तिथे सगळे निकालाबद्दल बोलायचे. दुपारी दोनला उठायचो आणि पडदा उघडायचा तर बाहेर मावळतीचा उजेड. घरून फोन आला की आवाज चढवून बोलायचो, सगळं छान चाललंय म्हणायचो. तुमची मुलगी म्हणते ना, तसंच.

मला बाहेर काढलं ते एका सहाध्यायाने. तो खोलीवर आला, बसला, आणि काही न विचारता दोघांसाठी चहा केला. मग मीच बोललो. दुसऱ्या दिवशी तो मला विभागाच्या अभ्यास सल्लागाराकडे घेऊन गेला. त्या बाईंनी माझी गुणपत्रिका पाहिली आणि विचारलं, याच सत्रात हे चार विषय कशाला घेतलेत? दोन पुढे ढकला. इतकं सोपं होतं ते. विद्यापीठाची मानसिक समुपदेशनाची मोफत सोयही त्यांनीच सांगितली. मी सहा वेळा गेलो, इंग्रजीत बोलता येतं. तिसऱ्या संधीत २.७ मिळाले.

तुमच्या मुलीला कसं आहेस विचारू नका, त्याला मजेत हेच उत्तर येतं. आज कुणाबरोबर जेवलीस, हे विचारा. दोन-तीन आठवडे कुणाचंच नाव आलं नाही तर जरा जास्त वेळ बोला.

एका_मुलीची_आई

उंबरठा, तुम्ही माझ्या मुलाच्या वयाचे असाल. वाचून डोळे भरून आले. लिहिलंत म्हणून आभार. हा प्रश्न मी लक्षात ठेवीन.

गारवेल

वरचं वाचून थोडा वेळ काही लिहवेना. तरी रोजच्या गोष्टींची भर घालते.

रविवारी दुकानं बंद. जवळजवळ सगळी. शनिवारी संध्याकाळी दूध-भाजी आणली नाही तर सोमवारपर्यंत थांबा. पण आखेनची गंमत अशी, की हॉलंडची सीमा शहराला खेटून आहे. बसने वाल्सला गेलं की तिथलं सुपरमार्केट रविवारी उघडं असतं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा सीमा कधी ओलांडली कळलंच नाही, फक्त पाट्यांची भाषा बदलली. तिथून वर टेकडीवर तीन देशांच्या सीमा मिळतात ती जागा आहे, चालत जाता येतं.

पाण्याच्या, सरबताच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या फेकू नका. बहुतेकांवर २५ सेंट अनामत असते, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकल्या की पावती मिळते. माझा महिन्याचा कांदा-बटाटा त्यातून निघतो.

खिडक्या रोज दोन-तीनदा सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं, हिवाळ्यातसुद्धा. आपण थंडी येते म्हणून बंद ठेवतो, आत भाताची वाफ आणि वाळत घातलेले कपडे, आणि फेब्रुवारीत कपाटामागे काळी बुरशी. मग डिपॉझिटमधून कापतात. फोडणी देतानाही खिडकी उघडी आणि स्वयंपाकघराचं दार बंद, म्हणजे धूर पॅसेजमधल्या अलार्मपर्यंत जात नाही.

कामाचं: विद्यार्थ्यांना वर्षाला १२० दिवस काम करता येतं, तेवढ्यात सांभाळा.

काठावरचा

गारवेल, एक दुरुस्ती. १२० दिवसांचा नियम जुना झाला. मार्च २०२४ पासून १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस आहेत. विद्यापीठातलं हिवीचं काम, म्हणजे प्राध्यापकांच्या हाताखाली संशोधनात मदत, यात धरत नाहीत. त्यामुळे आधी तेच शोधा. किमान वेतन १ जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० यूरो आहे. त्याच्या खाली कुणी देऊ करत असेल, रोख देतो म्हणत असेल, तर नको म्हणा. मी एका हॉटेलात तसं तीन आठवडे केलं, शेवटच्या आठवड्याचे पैसे आलेच नाहीत आणि दाद मागायला हातात कागद नव्हता.

आणि पहिल्या सेमिस्टरला काम घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पैशाची ओढाताण असेल तरीसुद्धा. पहिले सहा महिने शहर, भाषा आणि अभ्यास एवढंच पेलतं.

गारवेल

धन्यवाद, माझं चुकलं. मी आले तेव्हा १२० होते.
पहिल्या सेमिस्टरचं मात्र पटत नाही. आठवड्याला आठ तासांचं ग्रंथालयातलं काम होतं म्हणून मी घराबाहेर पडायचे, जर्मन कानावर पडायचं. सगळ्यांना एकच माप लावू नये.

पाऊसवाट

दोघांचंही वाचून वाटतं, की काम कुठलं आहे यावर ते ठरतं.

व्हिसाबद्दल राहिलं होतं. येताना मिळालेला व्हिसा थोड्या महिन्यांचा असतो. तो संपायच्या आत रेसिडेन्स परमिटचा अर्ज पोचलेला असला पाहिजे. अपॉइंटमेंट मिळायला महिने लागतात. माझी तारीख व्हिसा संपल्यानंतरची आली, पण अर्ज वेळेत केला होता म्हणून मधल्या काळासाठी तात्पुरतं प्रमाणपत्र मिळालं. अर्ज केल्याची ईमेल जपून ठेवा आणि छापून घ्या.

फी नाही असं सगळे म्हणतात ते खरं, तरी दर सेमिस्टरला तीनशे यूरोच्या आसपास वर्गणी भरावी लागते. त्यात तिकीट येतं. त्यावर देशभर बस, ट्रॅम, लोकल गाड्या चालतात. आयसीई, म्हणजे लांब पल्ल्याची जलद गाडी, चालत नाही, पहिल्याच महिन्यात चुकून बसू नका.

आणि मंडळी, कधी फार कोंडल्यासारखं झालं तर एलिझेनब्रुनेनला जाऊन या. गावाच्या मध्यात खांबांचा मोठा मंडप आहे, दोन बाजूंना भिंतीतून गरम झऱ्याचं पाणी पडतं. गंधकाचा वास येतो, पहिल्यांदा नाक मुरडतं. जानेवारीत हात गारठलेले असताना मी त्या वाफेजवळ उभी राहायचे. शेजारी कुणीतरी आजोबा तसेच उभे असायचे. त्यांच्याशी मी पहिलं अख्खं जर्मन वाक्य बोलले: आज फार थंडी आहे, नाही?

एका_मुलीची_आई

मंडळी, कळवायला आले. मुलगी पोचून चार आठवडे झाले. वेगेमध्ये खोली मिळाली, नोंदणी झाली. पहिल्याच दिवशी तिने टपालपेटीचा फोटो पाठवला, नाव लावलंय. काल विचारलं, कुणाबरोबर जेवलीस, तर दोन नावं सांगितली. एक नाव मला उच्चारता आलं नाही.

एक शंका आहे. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र आलंय, महिना १८.३६ यूरो. तिच्याकडे टीव्ही नाही. भरायचं का?

पाऊसवाट

ताई, किती छान वाटलं वाचून!

टीव्ही असो-नसो, ती वर्गणी प्रत्येक घरामागे एक असते. फ्लॅटमध्ये आधीच कुणीतरी भरत असणार. जी फ्लॅटमेट भरते तिचा वर्गणी क्रमांक घेऊन पत्राला उत्तर द्यायचं आणि आपला वाटा त्या फ्लॅटमेटला द्यायचा. पत्र तसंच पडू देऊ नका, नंतर मागची सगळी रक्कम एकदम मागतात. तिला म्हणावं, उद्याच फ्लॅटमेटला विचार. आणि शनिवारी दुपारी आम्ही चार-पाच जणी भेटतोय, तिला यायचं असेल तर मला मेसेज करायला सांगा.